दहा वाजताचे आठ भोंगे

१

ज्या म्हाताऱ्याने मला सोमवारी भेटायला बोलावलं होतं, तो शनिवारीच धुराने गुदमरून मेला.

मी अग्निशमन दलात आहे. पण आग विझवायला मी जात नाही. आग लागूच नये म्हणून लोकांच्या डोक्याशी कटकट करायला जाते. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नका, जिन्यात सामान ठेवू नका, घराबाहेर पडताना गॅस बंद करा. सत्तावीस वर्षं हेच. पोरं मला आगबाई म्हणतात. मोठी माणसं पाठीमागे काय म्हणत असतील, ते मी विचारत नाही.

त्या म्हाताऱ्याच्या इमारतीत चार मजले, आठ घरं. आठही घरांत धूर लागला की केकाटणारा भोंगा मी स्वतः उभी राहून छताला लावून घेतला होता. पण माझा अनुभव असा, की भोंगा लावला की लोक त्याला विसरतात आणि महिन्याभरात त्याची बॅटरी टीव्हीच्या रिमोटमध्ये जाते. म्हणून मी एक नियम घालून दिला. दर शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला आठही घरांनी एकदम भोंग्याचं बटण दाबून धरायचं. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर वही घेऊन जिना चढत-उतरत जातील आणि ज्या घरातून आवाज येईल त्याच्यापुढे खूण करतील. मग सगळ्यांनी खाली अंगणात जमायचं, म्हणजे जिना उतरायचीही सवय होते.

या नियमाचा मला फार अभिमान होता. चार ठिकाणी मी तो मिरवला होता.

त्याच्या मरणाच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, मी त्याच अंगणात उजळणीचा वर्ग घेतला. कढईत तेल घेऊन गॅसवर ठेवलं आणि घड्याळ लावून मोठ्याने मोजलं. अकराव्या मिनिटाला तेलातून दाट धूर निघाला, वर धरलेला भोंगा वाजला. सतराव्या मिनिटाला तेल पेटलं. मी झाकण ठेवून ते विझवलं. सगळ्यांनी कौतुकाने बघितलं.

वर्ग संपल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे वायरमन आजोबा वॉकर टेकत माझ्याजवळ आले. मांडीचं हाड मोडल्यापासून वॉकरशिवाय त्यांना पाऊल टाकता येत नसे.

"बाई," ते म्हणाले, "दार बाहेरून बंद असेल, तर आतला माणूस किती वेळ तग धरतो हो?"

"धूर किती आहे त्यावर. का आजोबा?"

"सोमवारी या. एक जुनं सांगायचंय. आता नको."

त्यांनी मागे पाहिलं. मागे सोसायटीचे सेक्रेटरी खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते.

२

सोमवारी मी गेले ती दुसऱ्याच कामाला.

दुसऱ्या मजल्यावरचं ते घर काळं ठिक्कर पडलं होतं. स्वयंपाकघरात गॅसची कळ चालू, कढईचं कोळशासारखं काहीतरी. भोंगा वितळून छताला लोंबत होता. आजोबा झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यावर पालथे सापडले होते. वॉकर मात्र बाहेरच्या खोलीत, भिंतीला टेकून, नीट घडी घालून ठेवलेला होता.

आमच्या बंबावरचा प्रमुख माझ्या ओळखीचा. त्याने सांगितलं, "साडेदहाला खिडकीची काच फुटली तेव्हा लोकांना धूर दिसला. आम्ही दहा मिनिटांत पोचलो. दार लॅचचं, ओढलं की बंद होणारं. तुमची ती किल्ल्यांची पेटी आहे ना, ती सेक्रेटरीच धावत घेऊन आले. तीन हुक, त्यांतला मधला रिकामा. शेवटी दार फोडलं. चार-पाच मिनिटं त्यात गेली."

किल्ल्यांची पेटीही माझीच कल्पना. ज्या घरात म्हातारं किंवा आजारी माणूस दिवसा एकटं असतं, त्या घराची जादा किल्ली सोसायटीच्या ऑफिसात काचेच्या पेटीत टांगायची. पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली फक्त सेक्रेटरींकडे. अशी तीन घरं होती.

इन्स्पेक्टर खिडकीपाशी उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता.

"सरळ प्रकरण आहे," ते म्हणाले. "नवरा जहाजावर, घरात सून आणि सासरा. सून एका शाळेत क्लार्क आहे. सकाळी डब्यासाठी तळण केलं, गॅस चालू ठेवून गेली. भोंगाही बंद पडलेला. आख्ख्या इमारतीत एकानेही भोंगा ऐकला नाही. आणि ती स्वतःच म्हणते की तिची चूक झाली."

"स्वतःच?"

"उद्या सकाळी लेखी देणार आहे. मग मला तिला अटक करावीच लागेल."

३

सून समोरच्याच घरात राहणाऱ्या काकूंकडे बसली होती. पस्तिशीची असेल. तिच्या पुढ्यातलं ताट तसंच झाकलेलं होतं.

"गॅस बंद केलेला आठवतो?" मी विचारलं.

"आठवत नाही. रोज करते, तसा त्याही दिवशी केला असेल असं शुक्रवारपर्यंत मी म्हटलं असतं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "नऊ वाजून पाच मिनिटांनी निघाले. साडेनऊला शाळेत सही केली. बाई, शनिवारपासून मी दर मिनिटाला तो गॅस डोळ्यांपुढे आणते. कधी बंद दिसतो, कधी चालू."

"आणि वॉकर?"

"तो पलंगाला लावूनच ठेवते. तेवढं मात्र पक्कं आठवतं. मामंजींना कितीदा बजावलं होतं, लांब ठेवू नका म्हणून."

"वर्गाच्या दिवशी त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं."

"त्या दिवसापासून ते झोपलेच नाहीत. सारखं एकच. दार उघडं असतं तर तो हमाल वाचला असता. कुठलं दार, कुठला हमाल, विचारलं तर म्हणायचे, सोमवारी बाईंना सांगतो, मग तुला."

मग तिने माझा हात धरला. "मी मारलं ना त्यांना? मला फक्त हो किंवा नाही सांगा. नवऱ्याला काय कळवू? तो बंदरात उतरला की पहिला फोन मला करेल."

हो म्हणायला पुरावा पुरेसा होता, आणि नाही म्हणायला माझ्याकडे फक्त एक घडी घातलेला वॉकर होता.

४

काकू शिवणकाम करायच्या. गळ्यात टेप, ओठांत टाचणी, आणि जिभेवर दुसरी.

"माझं आणि म्हाताऱ्याचं पटत नव्हतं, ते आख्ख्या इमारतीला ठाऊक आहे," त्यांनी सुरुवातच केली. "माझं चपलांचं कपाट जिन्यात होतं. तुमचा वर्ग ऐकून त्यांनी ते हलवायला लावलं. त्यांचं बरोबर होतं, पण सांगायची पद्धत! मला म्हणाले, परत माझ्या घरात पाऊल टाकू नका."

"पाऊल कशाला टाकत होतात?"

"अहो, शनिवारी सूनबाई कामावर. म्हाताऱ्याचा हात छताला पोचत नाही. दर शनिवारी ते मला दार उघडायचे आणि केरसुणीच्या दांड्याने त्यांचा भोंगा मी दाबायचे. भांडण झाल्यापासून बंद केलं. दोन शनिवार झाले, गेले नाही. या शनिवारीही साडेनऊपासून माझ्याकडे दोन बायका मापं द्यायला बसल्या होत्या. विचारा त्यांना." त्यांनी टाचणी काढली. तोंड एकदम केविलवाणं झालं. "गेले असते तर वाचला असता ना हो तो?"

सेक्रेटरी खाली ऑफिसात भेटले. रंगाचं दुकान होतं त्यांचं. माणूस टापटिपीचा, टेबलावर पेनंसुद्धा उंचीप्रमाणे लावलेली. भिंतीवर माझी काचेची पेटी लखलखत होती. तीन हुकांना तीन किल्ल्या, प्रत्येकीला निळी चिठ्ठी.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "तुमच्या वर्गात पहिला नंबर माझा, आणि माझ्याच इमारतीत हे व्हावं! मी दहापासून अंगणातच होतो. माइक लावून सगळ्यांना माहिती देत होतो. सगळे साक्षीला आहेत."

"भोंगा खरंच कोणालाच ऐकू आला नाही?"

"बाई, सगळ्या घरांतले भोंगे एकदम केकाटत असताना आजोबांचा वेगळा कसा ओळखू येणार? सूनबाईंना दोष देऊ नका. माणूस आहे, विसरतो."

मी मान डोलावली आणि त्यांचा चहा पिऊन उठले. पायरीवर आल्यावर काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. चहा तर चांगला होता.

५

मास्तर चौथ्या मजल्यावर वही मांडीवर घेऊन बसले होते.

"पोलिसांनी विचारलं, साडेदहाला आग दिसली तेव्हा भोंगा वाजत होता का? मी म्हटलं, नाही. सगळ्यांनी तेच सांगितलं. खरंच वाजत नव्हता."

"वही बघू."

मागच्या शनिवारी दुसऱ्या मजल्यावरच्या डाव्या, म्हणजे आजोबांच्या घरापुढे फुली होती आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं: दाबायला कोणी नाही. त्याच्या आदल्या शनिवारीही फुली. या शनिवारी मात्र आठही घरांपुढे बरोबरच्या खुणा.

मी वही त्यांच्यासमोर धरली. "मास्तर, ही खूण कशी?"

"वाजला म्हणून केली. न ऐकता खूण करत नाही मी. चढताना ऐकला, दहा वाजून एक मिनिट झालं असेल. मला बरं वाटलं. म्हटलं, काकूंचं आणि त्यांचं जमलं वाटतं पुन्हा."

"काकू गेल्याच नव्हत्या."

मास्तरांनी वही ओढून घेतली आणि ती खूण पुन्हा पाहिली.

"उतरताना?" मी विचारलं.

"उतरताना..." त्यांनी चष्मा काढला. "बाकी सात थांबले होते. यांचा अजून वाजत होता. मी दारावर टकटक केली आणि म्हटलं, पुरे झालं आजोबा, ऐकू आला!"

मास्तरांनी चष्मा वहीवर ठेवून दिला.

"वास आला नाही तुम्हाला?"

"आला की. तळणाचा. सकाळी दहाला कुठल्या घरातून येत नाही तो?"

त्या म्हाताऱ्याने आतून हाका मारल्या असतील. त्या बंद दाराआडून, भोंग्याच्या आवाजात, त्या कोणाच्या कानावर जाणार होत्या?

"मास्तर, आणखी एकच. रोज सकाळी नऊ ते दहा तुम्ही कुठे असता?"

"पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर, पेपर वाचत. तिथे ऊन येतं."

"शनिवारी त्या तासात भोंगा वाजला?"

"छे. टाचणी पडली तरी ऐकू आली असती."

"सूनबाई गेल्यानंतर वरून कोणी खाली आलं?"

"दहाला चार कमी असताना सेक्रेटरी उतरले. वर जाताना दिसले नव्हते, मी बसायच्या आधीच गेले असतील. मला म्हणाले, चला, वही घ्या, वेळ झाली." ते थांबले. "त्यांचं घर तळमजल्यावर आहे."

६

मंगळवारी सकाळी ऑफिसात सगळे जमले. इन्स्पेक्टर, सून, काकू, मास्तर, सेक्रेटरी. इन्स्पेक्टरांच्या हातात कोरा कागद होता आणि सून पेन मागत होती.

"पेन मिळेल," मी म्हटलं, "पण आधी माझा वर्ग होऊ दे. गुरुवारी मी तेल तापवलं होतं. धूर कितव्या मिनिटाला?"

"अकराव्या," काकू म्हणाल्या.

"सूनबाई नऊ-पाचला निघाल्या. गॅस त्यांनी चालू ठेवला असता, तर सव्वानऊच्या सुमाराला भोंगा वाजायला हवा होता. तेव्हा इमारत शांत होती आणि मास्तर जिन्यात होते. सगळे धावले असते. पण भोंगा तेव्हा वाजला नाही. वाजला तो दहा वाजता. बटण दाबायला घरात कोणी नव्हतं, म्हणजे तो धुराने वाजला. त्यातून अकरा मिनिटं मागे जा. गॅस पेटला साधारण दहाला दहा कमी असताना. सूनबाईंना तेव्हा शाळेत बसून वीस मिनिटं झाली होती."

पेनासाठी पुढे केलेला सुनेचा हात खाली आला. तिने पेन पुन्हा मागितलं नाही.

इन्स्पेक्टर सरसावून बसले. "मग पेटवला कोणी?"

"ज्याला ठाऊक होतं की या इमारतीत आठवड्यातून पाचच मिनिटं अशी आहेत, जेव्हा भोंगा वाजला तरी कोणी हलणार नाही. ती पाच मिनिटं मी दिली. त्यानंतर अंगणात माइक होता, म्हणजे वरचं काही ऐकूच येऊ नये." मी सेक्रेटरींकडे वळले. "काल तुम्ही मला म्हणालात, सगळे भोंगे एकदम केकाटत असताना आजोबांचा वेगळा कसा ओळखू येणार. काल सगळं जग समजत होतं की आग साडेदहाला लागली आणि भोंगा वाजलाच नाही. साडेदहाला एकही भोंगा वाजत नव्हता. त्यांचा दहाला वाजला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बोलण्याच्या ओघात गेलं. त्यावरून फाशी देणार का?" ते हसले.

"नाही. दहाला चार कमी असताना तुम्ही वरून उतरलात, तुमचं घर खाली असून. तेही राहू दे. त्या पेटीकडे बघा. तीन हुक, तीन किल्ल्या. शनिवारी तुम्ही हीच पेटी आमच्या प्रमुखाला दाखवलीत, तेव्हा मधला हुक रिकामा होता. त्याने स्वतः पाहिलं. दार फोडावं लागलं. सूनबाई, तुमची किल्ली?"

तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवली.

"मग मधल्या हुकावरची ही दुसरी किल्ली कुठून आली? पेटीचं कुलूप तुम्हीच उघडू शकता. दार फोडलं जात होतं तेव्हा ती तुमच्या खिशात होती. फेकून द्यायला हवी होती. पण तुम्हाला रिकामा हुक बघवला नाही."

सेक्रेटरींनी पेटीकडे पाहिलं. मग टेबलावरची पेनं सरळ केली, सरळ असलेलीच.

"सहा वर्षांपूर्वी यांचं रंगाचं गोदाम जळालं होतं," इन्स्पेक्टर हळू म्हणाले. "आत एक हमाल गेला. दार उघडं होतं असा एका वायरमनचा जबाब आहे."

"दार बाहेरून बंद होतं," सून म्हणाली. तिला आत्ताच कळलं होतं.

"सहा वर्षं गप्प बसला!" सेक्रेटरी एकदम ओरडले. "सहा वर्षं माझ्याबरोबर गच्चीवर पत्ते खेळला. आणि या बाईने चार कढया पेटवून दाखवल्या तर त्याला माणुसकीचा उमाळा आला. म्हणे सोमवारी सांगतो. झोपला होता तो. मी वॉकर तेवढा बाहेर नेला. हातसुद्धा लावला नाही त्याला."

शेवटचं वाक्य त्यांनी अशा सुरात म्हटलं, की जणू आम्ही त्यांचे आभार मानायला हवे होते. काकूंनी तोंडाला पदर लावला.

७

त्यांना नेल्यावर सून ऑफिसातच बसून राहिली. मी तिच्याजवळ खुर्ची ओढली.

"म्हणजे मी बंद केला होता," ती म्हणाली.

"हो. तुम्ही बंद केला होता."

ती रडली. खूप वेळ, आवाज न करता. मग डोळे पुसून तिने मला विचारलं, "किती वेळ वाजत होता तो?"

खोटं बोलता आलं असतं. कोणी मला पकडलं नसतं. वितळलेल्या भोंग्याला काय विचारणार?

"वितळेपर्यंत. बारा मिनिटं तरी."

"आणि ते जागे होते."

"बहुतेक."

तिने मान हलवली. "नवऱ्याला मी सगळं सांगेन. हेही. तुम्हीही सांगाल ना? तुमच्या वर्गात?"

मी हो म्हटलं. म्हणताना मला अंदाज नव्हता की ते किती जड जाणार आहे.

पुढच्या गुरुवारी दुसऱ्या वस्तीत वर्ग होता. एका शाळेच्या हॉलमध्ये साठेक माणसं, पुढे बायका, मागे मोबाइल बघणारे पुरुष. नेहमी मी एखाद्या विनोदाने सुरुवात करते. त्या दिवशी कढई झाकूनच ठेवली.

"माझ्या एका नियमामुळे एक माणूस मेला," मी म्हटलं. "शनिवारी दहाला सगळ्यांनी एकदम भोंगा वाजवायचा, असा तो नियम होता. आजपासून तो बंद. आपापला भोंगा आपापल्या वेळी तपासा, आणि शेजाऱ्याला आधी सांगून तपासा. न सांगता कुठलाही भोंगा वाजला, तर हातातलं टाकून जा. दार वाजवा, उघडेपर्यंत वाजवा. आतून माणूस समोर येऊन 'काही नाही' म्हणेपर्यंत हलू नका."

मागच्या पुरुषांनी मोबाइल खाली ठेवले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने हात वर केला.

"त्या माणसाचं नाव काय होतं, बाई?"

मी नाव सांगितलं. तिने ते एकदा स्वतःशी म्हटलं, मग शेजारणीला सांगितलं, आणि ते रांगेरांगेतून मागपर्यंत गेलं.